शालूच्या वासाची सिगार

चहाचा ट्रे घेऊन मी माजघराच्या दारातच थबकले. पुढच्या खोलीत पुरुष मंडळी सिगार ओढत बसली होती, आणि त्या धुराला आत्यांच्या शालूचा वास येत होता.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आणि वास शालूचा म्हणजे खरं तर शालूच्या घडीत घातलेल्या डांबराच्या गोळ्यांचा. लग्नसराईत आत्यांनी लोखंडी कपाट उघडलं की सगळ्या घराला कळायचं. पण तेव्हा लग्नसराई नव्हती, कपाट बंद होतं, आणि वास पुढच्या खोलीतून येत होता.

आत तिघं होते. खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत माझे सासरे, अण्णा शिप्पूरकर. त्यांच्यासमोर मुंबईचे पाहुणे तेलंग, एका मोठ्या हॉटेलाचे खरेदी अधिकारी. पांढरा शर्ट, हातात चौघडी रुमाल, आणि चेहरा असा, की लग्नाच्या पंगतीत घासात खडा लागलाय आणि यजमान समोरच उभा आहे. दाराजवळच्या स्टुलावर माझा नवरा दिनकर बसला होता. त्याने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. म्हणजे वास त्यालाही आला होता. पण आमच्याकडे रीत होती : सिगार पेटली की अण्णा बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. जो आधी बोलतो त्याचं दुसऱ्याच्या जिभेवर बसतं, असं अण्णा म्हणायचे. त्यामुळे दिनकर गप्प, तेलंग गप्प, आणि अण्णा डोळे मिटून शांतपणे धूर तोंडात घोळवत होते.

मग अण्णांनी डोळे उघडले.

"तेलंगसाहेब, सिगारचा पहिला भाग झाला," ते म्हणाले. "भाजलेल्या खोबऱ्याचा वास येतोय बघा. आणि मागनं काकवी. काकवी उकळताना येतो तसा, गोड पण जरा करपलेला."

तेलंगांनी हातातल्या सिगारकडे पाहिलं. अण्णांकडे पाहिलं. पुन्हा सिगारकडे पाहिलं.

खोबरं आणि काकवी हे माझे शब्द होते. आदल्याच आठवड्यात वखारीत मी ते अण्णांना सांगितले होते.

निपाणीच्या तंबाखू बाजारात अण्णांच्या नाकाला मान होता. पान चुरगळून हुंगलं की ते कोणत्या शिवारातलं, नदीकाठचं की माळावरचं, हे ते सांगायचे, आणि भांडणारे दोन व्यापारी त्यावर गप्प बसायचे. उतारवयात त्यांना एकच हौस राहिली होती : आपल्या भागातल्या पानाची एक अव्वल सिगार करायची. विडी सगळेच करतात, म्हणायचे. वरचं पान बंगालकडून आणलं, वळणारा कारागीर मद्रासकडून आणला, आणि आतला ऐवज स्वतः मुरवला. ही सिगार हॉटेलात जाते की नाही, ते तेलंगांच्या भेटीवर होतं. तेलंग फोनवर म्हणाले होते, "माल मी ओढून बघीन, पण खरा येतोय तो अण्णा काय म्हणतात ते ऐकायला. अण्णांनी बरी म्हटलेला माल आमच्याकडे दुसरं कुणी तपासत नाही."

त्या अण्णांना वास येत नव्हता. दिवाळीतल्या तापापासून येत नव्हता.

हे फक्त मला माहीत होतं. तापातून उठल्यावर एकदा माझ्याकडून आमटी करपली. साधी नाही, पातेल्याच्या बुडाला काळी खरपूड धरलेली. आत्यांना बरं नव्हतं म्हणून त्या झोपलेल्या, दिनकर गावाला. अण्णा ती आमटी दोनदा भातावर घेऊन जेवले. हा माणूस कोथिंबीर शिळी असली तर ताट सरकवणारा! मला माणसांची बेरीज-वजाबाकी मनात मांडायची खोड आहे, तशी मी मांडली. ताट उचलताना म्हटलं, "अण्णा, आमटी जरा लागली होती." ते ताटाकडेच बघत म्हणाले, "हो का?" मग उठता उठता, "दिनकरला सांगू नकोस."

तेवढंच. पुढे ठरवून काही झालं नाही. मी वखारीत हिशेबाला बसायचे, तिथे अण्णांसमोर पानांची पाटी ठेवताना आपण सहज बोलतोय असं दाखवून म्हणायचे, "ही जरा कोवळी वाटते नाही, अण्णा?" ते पान नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे, आणि गड्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "कोवळी आहे. बाजूला काढा." वखारीतले गडी एकमेकांकडे बघून माना डोलवायचे. मला त्याची मोठी गंमत वाटायची. सासऱ्याचं नाक आपल्या पदराला बांधलंय, हे कुठल्या सुनेला आवडणार नाही?

पण ही पेटी मी हुंगलीच नव्हती. पाहुण्यांसाठी निवडलेली खास पेटी अण्णांनी जपून ठेवायला आत्यांच्या हाती दिली, आणि आत्यांनी घरातली सगळ्यात मोलाची वस्तू जिथं ठेवायची तिथं ठेवली : लोखंडी कपाटात, शालूच्या शेजारी. तंबाखूचं पान शेजारच्या वस्तूचा वास ओढून घेतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं तंबाखूच्या घरात काढून त्यांनी तंबाखूला कधी हात लावला नव्हता. बायकांचा तो विषयच नव्हता आमच्याकडे.

आत तेलंगांनी आणखी एक झुरका घेतला, रुमाल ओठाला लावला आणि घसा साफ केला. आता ते बोलणार होते. काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही. सभ्य माणूस होता. कदाचित "प्रवासानं तोंडाला चव नाही" म्हणून उठला असता. पण मला तेवढा धीर धरवला नाही. मी ट्रे घेऊन थेट आत गेले.

"काय हे अण्णा," मी हसत म्हटलं, "पाहुण्यांची परीक्षा आता पुरे की! चहा निवतोय."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"अहो साहेब, यांची खोडच आहे," मी तेलंगांपुढे कप ठेवला. "नवा माणूस आला की पहिली सिगार मुद्दाम बिघडलेली देतात, आणि वर तिचं कौतुक करतात. समोरचा माना डोलवतो की खरं बोलतो ते बघायला. ही तर डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली आहे."

'डांबर' शब्दावर अण्णांचा हात थबकला. तेवढाच. चेहरा तसाच राहिला.

तेलंग क्षणभर बघत राहिले आणि मग मोकळेपणी हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे बापरे! मी म्हटलं माझं नाक गेलं की काय! अण्णा, तुम्ही तर आमची विकेट काढली असती. आणखी एक झुरका घेतला असता तर मी मान डोलावणारच होतो!"

"बघा!" दिनकर म्हणाला. त्यालाही हायसं वाटलं होतं. "अण्णांपुढे भलेभले डोलतात."

अण्णा म्हणाले, "दिनकर, वखारीतली पेटी आण."

वखार अंगणापलीकडेच. दिनकर पेटी घेऊन आला, झाकण उघडलं, आणि खोलीत खरं पान दरवळलं. मी स्वतःवर खूश झाले. कठीण प्रसंगातून घर बाहेर काढलं होतं, तेही हसतहसत. मी चहाचे रिकामे कप उचलायला वाकले.

तेवढ्यात तेलंग म्हणाले, "थांबा, थांबा. आता आमची पाळी."

त्यांनी नव्या पेटीतली एक सिगार घेतली, जुन्या पेटीतली एक घेतली, दोन्ही पाठीमागे नेऊन हात बदलले. चेहऱ्यावर शाळकरी पोराचा आनंद. "अण्णा, डोळे मिटा. कुठली डांबरातली आणि कुठली वखारीतली, सांगायचं. तुम्हाला काय, पोरखेळ आहे. पण परीक्षा म्हणजे परीक्षा!"

"अहो, अण्णांची कसली परीक्षा घेता," मी म्हटलं.

"का? सुरुवात कुणी केली वहिनी?"

अण्णांनी डोळे मिटले. तेलंगांनी पहिली सिगार त्यांच्या नाकाखाली धरली. मी दोन हातांवर होते तरी मला कळलं, ती चांगली होती. मग दुसरी धरली. तिचा वास दारात उभ्या माणसाला आला असता. अण्णांनी शांतपणे श्वास आत घेतला. मी कप उचलायचं निमित्त केलं आणि हात हलवला. बांगड्या वाजल्या.

अण्णांना खूण कळली होती. त्यांच्या भुवया हलल्या ते मी पाहिलं. आता फक्त "ही" म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं.

"सूनबाई," अण्णा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "बांगड्या नको वाजवू."

तेलंगांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं आतून रिकामं झालं.

अण्णांनी डोळे उघडले. "तेलंगसाहेब, मला वास येत नाही. दिवाळीत ताप आला, त्यात गेला. मघाशी खोबरं म्हणालो, काकवी म्हणालो, ते हिचं बोलणं. ती पेटी डांबरात होती हे मला तुमच्याबरोबरच कळलं. परीक्षा-बिरीक्षा काही नव्हती."

तेलंगांनी दोन्ही सिगारी इतक्या हळू टेबलावर ठेवल्या, जणू काही त्यांनाच इजा होईल. "अण्णा, मी नुसती गंमत केली हो. मला काय कल्पना—"

"तुमचं काही चुकलं नाही. गंमत आमच्याकडून सुरू झाली."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी रिकामा कप हातात धरून उभी, आणि पायाखालची फरशी एकदम गार लागायला लागली.

दिनकर उठून उभा राहिला. "अण्णा, मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टर आणला असतास. आणि मग सगळ्या बाजारानं चौकशीला येऊन चहा पिला असता."

"आणि हिला सांगितलंत!"

"हिला कुणी सांगितलं? हिनं ओळखलं."

तेलंग निघायच्या बेतात होते. माणूस भला; दुसऱ्याची लाज बघत बसायची नसते हे त्यांना कळत होतं. पण अण्णा म्हणाले, "बसा साहेब. माल बघायला आलात, माल बघून जा."

"पण अण्णा… सांगणार कोण?"

"आजवर जिनं सांगितलं ती."

"अण्णा!" मी म्हटलं. "मी आयुष्यात कधी ओढली नाही."

"ठाऊक आहे मला. पानाचा वास घेणं वेगळं, धूर चाखणं वेगळं. इतके दिवस आपण नुसत्या वासावर चाललो. ते चुकलंच."

"पण तुमच्यासमोर मी कशी…"

आमच्या घरात मी अण्णांसमोर खुर्चीतसुद्धा बसले नव्हते कधी. अण्णा उठले. वेताची खुर्ची त्यांनी स्वतः उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि आमच्याकडे पाठ करून बसले. समोर कोरी भिंत होती. एक खिळा होता, त्याला काही टांगलेलं नव्हतं.

"आता तू माझ्यासमोर नाहीस," ते म्हणाले. "दिनकर, वखारीतली एक तिला पेटवून दे. काडीची ज्योत पानाला लागू देऊ नको, जरा खाली धर."

दिनकरनं काडी ओढली. त्याची नजर सारखी रस्त्याकडच्या दाराकडे. पहिली काडी विझली, दुसरी विझली.

"हात कापतोय काय रे?" भिंतीकडून आवाज आला.

"नाही, वारा आहे."

वारा कसला! मी सिगार ओठात धरली. ती माझ्या कल्पनेपेक्षा जाड होती, आणि तोंडात धरल्यावर आपण कशा दिसत असू हे मला एकाएकी दिसलं. मी डोळे मिटले आणि ओढलं. ठसका लागला तो असा, की तेलंगांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"छातीत न्यायचा नाही," अण्णा भिंतीला सांगत होते. "चूळ धरतो तसा तोंडात धर. गालात फिरव. मग सोड, आणि सोडताना थोडा नाकातनं जाऊ दे. घाई नको. घाई केलीस की ती तापते, तापली की कडू होते, आणि मग तू दोष पानाला देशील."

तेवढ्यात धुराच्या वासानं आत्या आल्या. दारात उभ्या राहिल्या. नवरा भिंतीकडे तोंड करून बसलेला, मुलगा काडेपेटी घेऊन उभा, सून सिगार ओढतेय आणि समोर परका पुरुष. त्यांनी पदराचं टोक तोंडावर धरलं.

"अहो, काय चाललंय हे?"

"काम चाललंय," अण्णा म्हणाले. "तो खिडकीचा पडदा ओढून घे. शेजाऱ्यांना दिसतंय."

आत्यांनी पडदा ओढला. माझ्या शेजारून आत गेल्या. जाताना माझा खांद्यावरून घसरलेला पदर तेवढा नीट करून गेल्या.

तेलंगांनीही आपली पेटवली. पुढे या धंद्यात मी किती सिगारी ओढल्या त्याला गणती नाही. पण त्या एका सिगारचा प्रत्येक झुरका मला वेगळा आठवतो. पहिला भाग बरा होता. मिऱ्यासारखा तिखटपणा, मग शेंगदाण्याच्या भाजलेल्या सालाचा वास. खोबरं होतं, खोटं नव्हतं ते. काकवीही होती, पण अगदी थोडी. मी सांगत गेले. अण्णा "हं" करत गेले. मधला भाग आला, राख लांब झाली, पडली. मला जरा बरं वाटायला लागलं होतं.

आणि मग जीभ खवखवली. कच्च्या सुरणाची भाजी खाल्ल्यासारखी. मला वाटलं, सवय नाही, तोंड भाजलं असेल. पाणी प्यायले, पुन्हा ओढली. आता नाकात काहीतरी उग्र चढलं, सकाळी न झाडलेल्या गोठ्यात शिरल्यासारखं.

मी सिगार ओठातून काढली. दिनकर स्टुलावरून मला हातानं खुणावत होता : बरी म्हण, बरी म्हण, संपव. खोलीत कुणीच काही बोलेना, आणि का बोलत नाहीत हे मला उशिरा उमगलं. सगळे माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

"का थांबलीस?" अण्णा म्हणाले.

"सांगते."

"दिनकर काही खुणा करत असला तर तिकडं बघू नको."

दिनकरचा हात खाली आला.

त्या पाठीकडे बघत मी उभी होते. सदऱ्यातून दोन्ही खांद्यांची हाडं दिसत होती. एवढे बारीक झालेत हे मला समोरून कधी दिसलं नव्हतं. या पाठीला आता आणखी काय सांगायचं? एक "छान आहे" म्हटलं असतं तर ती खुर्ची पुन्हा वळली असती.

"अण्णा, जीभ खवखवतेय," मी म्हटलं. "सुरणासारखी. आणि गोठ्याचा वास येतोय."

"कधीपासनं?"

"मधल्या भागाच्या शेवटाला सुरू झाला. आता वाढलाय."

"तोंड भाजलंय म्हणून नव्हे?"

"नाही. पाणी पिऊन पुन्हा बघितलं."

पाठ जरा वाकली. "मग पान कच्चं आहे. मुरलेलं नाही. ढीग अजून झाकून ठेवायला पाहिजे होता."

मुरत घातलेल्या पानांचा तो ढीग मोडायच्या दिवशी अण्णांनी मला दोनदा विचारलं होतं, "गोड वास सुटला का नक्की?" आणि मी, ज्या बाईला आपल्या नाकाची मिजास चढली होती, तिनं दोन्ही वेळा पाटीवर वाकायच्या आधीच हो म्हटलं होतं.

"अण्णा, ढीग मोडायला मीच—"

"ढीग मी मोडला," अण्णा म्हणाले. मोठ्यानं नव्हे, पण पुढे कुणी बोलू नये असं.

तेलंगांनी आपली सिगार रक्षापात्राच्या काठावर ठेवली. "मलाही तेच लागलं," ते म्हणाले. "पण वहिनी, खरं सांगू? मला वाटलं होतं तुम्ही बोलणार नाही." मग अण्णांकडे वळून, "अण्णा, यंदा नाही घेता येणार."

"घेऊ नका."

"पुढच्या वर्षी पान मुरलं की कळवा. मी येईन."

"मी नाही कळवणार. ही कळवील. ओढून बघून कळवील."

तेलंग उठले. जायच्या आधी ते क्षणभर घुटमळले. निरोप कुठल्या बाजूनं घ्यावा हे त्यांना समजेना. शेवटी त्यांनी अण्णांच्या पाठीलाच वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडले. दिनकर त्यांना मोटारीपर्यंत सोडायला गेला. मोटार सुरू झाली, गेली, तरी तो आत आला नाही. अंगणातच उभा राहिला.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो.

"गेले?" अण्णांनी विचारलं.

"गेले."

माझ्या हातात ती सिगार तशीच होती. टाकू कुठं, मला कळेना. अव्वल सिगार विडीसारखी चिरडून विझवत नाहीत. ठेवून देतात, ती आपोआप विझते. मी ती रक्षापात्राच्या काठावर तेलंगांच्या सिगारशेजारी ठेवली आणि हात पदराला पुसले. पुसून काही जाणार नव्हतं. बोटांना, केसांना, तोंडाला, सगळ्याला तोच वास.

"सूनबाई," अण्णा भिंतीकडे बघतच म्हणाले, "आता वळू का मी?"

मी टेबलाकडे पाहिलं. राखेच्या आड टोक अजून लाल होतं, आणि धुराची रेघ सरळ वर चालली होती.

"नको, अण्णा," मी म्हटलं. "अजून जळतेय."

"बरं," ते म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.